मेरिमॅकच्या काठावरच्या दोन साक्षी

१८४५ च्या फेब्रुवारीत लॉवेल गावच्या काही गिरणी कामगार स्त्रिया बॉस्टनला गेल्या. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळाने एक समिती नेमली होती आणि तिच्यासमोर त्यांना साक्ष द्यायची होती. मागणी एकच होती : कामाचा दिवस दहा तासांचा करा. एलायझा हेमिंगवे नावाची विणकर बोलली. उन्हाळ्यात पहाटे पाचला काम सुरू होतं ते संध्याकाळी सातला सुटतं. मध्ये न्याहारीला अर्धा तास आणि जेवणाला पाऊण तास. तिच्या खात्यात सुमारे १३० बायका, ११ पुरुष आणि १२ मुलं होती. संध्याकाळी दिवेलागणीनंतर काम चालायचं तेव्हा त्या एका खोलीत २९३ लहान आणि ६१ मोठे दिवे जळायचे.

दिव्यांचा हा आकडा मला या सगळ्या इतिहासात फार मोलाचा वाटतो. दिवसभर मागापुढे उभी असलेली बाई वर बघून दिवे मोजते, आकडा ध्यानात ठेवते आणि तो राज्यकर्त्यांपुढे मांडते. दिव्यांचा धूर, हवेत तरंगणारी कापसाची तूस आणि खिडक्या बंद. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून खिडक्या उघडायची सोय नव्हती. ती हवा कशी असेल, हे कळायला ते दोन आकडे पुरे आहेत.

अमेरिका तेव्हा सत्तर वर्षांचीही नव्हती. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान असल्याचं लिहिलेलं होतं, पण अंगावरचं चांगलं कापड इंग्लंडमधून यायचं. सूतगिरणीचं यंत्र बाहेर जाऊ नये, त्याचा आराखडा जाऊ नये आणि ते चालवणारा कारागीरही जाऊ नये, असे इंग्लंडचे कायदे होते. डर्बीशायरच्या गिरणीत उमेदवारी केलेला सॅम्युएल स्लेटर १७८९ मध्ये आपला धंदा लपवून जहाजावर चढला. कागद जवळ नव्हता. यंत्र डोक्यात होतं. पुढच्याच वर्षी ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट गावी त्याने पाण्याच्या जोरावर सूत काढून दाखवलं. देशातल्या या पहिल्या यशस्वी सूतगिरणीतले पहिले कामगार लहान मुलं होती. नवा देश, परदेशातून आलेला कारागीर आणि चातीपाशी उभी असलेली पोरं : पुढच्या सव्वाशे वर्षांची गोष्ट त्या एका शेडमध्ये सुरू झालेली होती.

वीसेक वर्षांनी बॉस्टनच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने तोच मार्ग धरला. फ्रान्सिस कॅबट लॉवेल इंग्लंडमध्ये गिरण्या पाहत हिंडला आणि यंत्रमाग मनात साठवून परतला. पॉल मूडी या हुशार कारागिराच्या मदतीने त्याने वॉल्थॅमला कापूस पिंजण्यापासून कापड विणण्यापर्यंतचं सगळं काम एका छपराखाली आणलं. १८१७ मध्ये तो वारला. त्याच्या भागीदारांनी मग मेरिमॅक नदीकाठी जागा शोधली. तिथे नदी सुमारे तीस फूट खाली उतरते. त्या उतारावर त्यांनी अख्खं गाव वसवलं आणि त्याला लॉवेलचं नाव दिलं. १८२३ मध्ये पहिली गिरणी सुरू झाली. १८४० पर्यंत वस्ती वीस हजारांवर गेली होती.

गिरण्यांना पाणी पुरवणारे कालवे मात्र आपोआप झाले नाहीत. १८२२ मध्ये ह्यू कमिस्की नावाचा आयरिश मुकादम तीसेक आयरिश मजूर घेऊन बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउनहून चालत आला. त्यांनी खडक फोडला, माती उपसली, आणि राहायला गावाच्या कडेला झोपड्या बांधल्या. आखीव रस्ते आणि विटांच्या इमारती असलेल्या त्या नमुनेदार गावाच्या नकाशात या मजुरांच्या घरांसाठी जागा ठेवलेली नव्हती. गिरणीच्या आत कामाला हव्या होत्या त्या वेगळ्याच : न्यू हॅम्पशर, व्हर्माँट, मेन इथल्या शेतकऱ्यांच्या लेकी.

या मुली का आल्या, हे समजून घेण्यासारखं आहे. कुणाला भावाच्या शिक्षणाला हातभार लावायचा होता, कुणाला गहाण शेत सोडवायचं होतं, आणि पुष्कळजणींना स्वतःच्या हातात स्वतःचा पैसा हवा होता. घरी जन्मभर राबूनही तो मिळत नसे. कंपनीने त्यांच्यासाठी वसतिगृहं बांधली. ती चालवायला बहुधा विधवा बायका असत. मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांनी चालवलेल्या खानावळी ज्यांना आठवतात त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल, फक्त इथे जेवणाऱ्याही बायकाच होत्या. रात्री दहाला दार बंद. रविवारी चर्च सक्तीचं. सकाळी उठायची घंटा, कामाची घंटा, जेवायची घंटा. आठवड्याचे सुमारे ७३ तास काम. एवढं करूनही या मुली रात्री व्याख्यानं ऐकत, वाचनालयातून पुस्तकं आणत. ‘लॉवेल ऑफरिंग’ नावाचं मासिक त्या स्वतः लिहीत. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स लॉवेलला येऊन गेला. वसतिगृहातले पियानो आणि हे मासिक पाहून तो प्रभावित झाला. त्याच्या डोळ्यांपुढे इंग्लंडच्या गिरण्या होत्या आणि त्यांच्या तुलनेत हे गाव फार चांगलं होतं.

पण मालकांच्या नफ्याला ओढ लागली की आधी मजुरीच कापली जायची. १८३४ मध्ये मजुरी घटवली तेव्हा मुलींनी काम थांबवलं. १८३६ मध्ये वसतिगृहाचा खर्च वाढवला तेव्हा पुन्हा. त्या दुसऱ्या संपात हॅरिएट हॅन्सन नावाची ११ वर्षांची मुलगी होती. भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या लावायचं तिचं काम. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली जावं की न जावं म्हणून घुटमळत होत्या. ही पोर एकटीच दाराकडे चालू लागली आणि मागे वळून पाहते तो सगळं खातं तिच्या पाठोपाठ आलं होतं. म्हातारपणी, १८९८ मध्ये, तिने हे लिहून ठेवलं. ते लिहिताना तिचा अभिमान जराही ओसरलेला नव्हता.

संप मोडले. कामाचा वेग वाढत गेला. दोन मागांऐवजी तीन, मग चार सांभाळायचे, तेही जवळजवळ त्याच मजुरीत. तेव्हा सारा बॅगली या विणकर बाईने दुसरी वाट धरली : कायद्याची. तिच्या पुढाकाराने स्त्री कामगारांची संघटना उभी राहिली, अर्जावर दोन हजारांहून जास्त सह्या जमल्या आणि त्या अर्जामुळे हेमिंगवे, बॅगली आणि इतर जणी समितीपुढे पोचल्या.

समितीचे काही सदस्य लॉवेल पाहून आले. गिरण्यांभोवतीची हिरवळ, झाडं, फुलं त्यांना आवडली. कामगारांचे हाल कमी व्हायला हवेत, हे त्यांनी मान्य केलं. पण कायदा करणं हा त्यावरचा उपाय नाही, असा निर्वाळा दिला. अध्यक्ष विल्यम शूलर हा लॉवेलचाच वृत्तपत्रमालक होता. बायकांना मत नव्हतं, तरी त्यांनी त्याच्याविरुद्ध रान उठवलं आणि पुढच्या निवडणुकीत तो पडला. दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये व्हायला मात्र १८७४ साल उजाडलं. साक्षीनंतर २९ वर्षं.

या गिरण्यांत येणारा कापूस कुठून यायचा, हे बोलल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी वेगळी करायचं यंत्र तयार केलं आणि दक्षिणेकडच्या राज्यांत कापसाखालची जमीन भराभर वाढली. ती कसायला गुलाम हवे होते. १७९० मध्ये देशात सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० मध्ये जवळजवळ चाळीस लाख. त्यांनी वेचलेला कापूस लॉवेलला यायचा आणि त्यातून जे जाडंभरडं कापड निघायचं त्यातलं काही गुलामांच्याच अंगावर घालायला परत दक्षिणेत जायचं. दक्षिणेत त्या कापडाला ‘लॉवेल’ म्हणत. उत्तरेतल्या गिरणी मुली स्वतःची तुलना गुलामांशी करत आणि मालकांना खजील करू पाहत. पण त्या ज्या धाग्यावर जगत होत्या तो खऱ्याखुऱ्या गुलामाच्या हातून आलेला होता. त्यांच्यातल्या पुष्कळजणींनी गुलामगिरीविरोधी अर्जांवरही सह्या केल्या, हे त्यांच्या बाजूने आवर्जून सांगायला हवं.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेचा कापूस अडला. लॉवेलच्या कंपन्यांनी चढ्या भावाने आपला साठा विकून टाकला आणि गिरण्या थांबवल्या. हजारो कामगार रस्त्यावर आले. त्याच वेळी इथे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशातल्या गाठी लँकेशायरकडे निघाल्या, मुंबईत शेअरांचं वेड पसरलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ते सगळं कोसळलं. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या राज्यघटनेने गुलामगिरी बंद केली. महाराष्ट्रात या गोष्टीचा अर्थ बाजारापलीकडे जाऊन ज्यांनी ओळखला ते जोतीराव फुले. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापताना त्यांनी ते पुस्तक गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. कापसाचा भाव पडल्यावर मुंबईला अमेरिकेशी घेणं उरलं नव्हतं, फुल्यांना होतं.

आता पुन्हा लॉवेलकडे. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि पुढची काही वर्षं सडत राहिलं. दहा वर्षांत सुमारे पंधरा लाख आयरिश माणसं अमेरिकेत उतरली. ज्यांनी कालवे खणले होते त्यांच्या मुलींना गिरणीची दारं आता उघडली, कारण शेतकऱ्यांच्या लेकी त्या वेगाला आणि त्या मजुरीला कंटाळून निघून जात होत्या. लॉवेलच्या हॅमिल्टन कंपनीत १८३६ साली परदेशातून आलेले कामगार शंभरात चारही नव्हते. १८६० मध्ये साठांच्या वर होते. नव्या माणसाला घर चालवायचं असतं, त्याला परत जायला शेत नसतं. मालकाला एवढं पुरतं.

आलेल्यांविषयीचा द्वेष मात्र मालकांपुरता नव्हता. १८३४ मध्ये चार्ल्सटाउनचा कॅथलिक मठ जमावाने जाळला होता. १८५४ मध्ये परदेशी आणि कॅथलिक लोकांविरुद्ध उभा राहिलेला ‘नो-नथिंग’ पक्ष मॅसॅच्युसेट्समध्ये जवळपास सगळ्या जागा जिंकून सत्तेवर आला. आणि याच विधिमंडळाने १८५५ मध्ये काळ्या मुलांना वेगळ्या शाळांत बसवायला बंदी करणारा कायदा केला. हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. एका हाताने काळ्या मुलांसाठी शाळेचं दार उघडायचं आणि दुसऱ्या हाताने आयरिश मजुराचा मताधिकार लांबवायला पाहायचं, हे एकाच सभागृहात, त्याच माणसांकडून होऊ शकतं. सुधारक म्हणजे सर्व बाजूंनी उजळलेला माणूस, ही समजूत इतिहास टिकू देत नाही.

आणखी एक उदाहरण याच राज्यातलं. १८६९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कामगारांच्या स्थितीची आकडेवारी गोळा करणारं सरकारी कार्यालय काढलं. देशात तसं ते पहिलंच. घरभाडं किती, खाण्यावर खर्च किती, शाळेत मुलं किती, हे मोजल्याशिवाय कायदा कशाच्या आधारावर करणार? त्या कामाचं मोल मोठं आहे. पण कार्यालयाचा प्रमुख कॅरल राइट याच्या १८८१ च्या अहवालात कॅनडातून आलेल्या फ्रेंच भाषक कामगारांविषयी अत्यंत हिणकस शेरा छापला गेला : हे पूर्वेकडच्या राज्यांतले चिनी, पैसा कमावून परत जाणारे. चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, झाला. तेव्हा या तुलनेत किती विष होतं ते कळतं. फ्रेंच कॅनेडियन लोक खवळले. त्यांनी जाहीर सुनावणी मागितली, राइटने ती दिली, आणि त्यांची उत्तरंही पुढच्या अहवालात छापली. आम्ही घरं घेतली आहेत, शाळा काढल्या आहेत, नागरिक झालो आहोत, असं एकेक माणूस सांगत गेला. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला बोलू देणं, ही सवय हळूहळू सरकारदरबारी रुजत होती.

१८८६ ते १८८८ या काळात पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी म्हणून त्या आल्या आणि मग देशभर हिंडल्या. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. त्या पैशांवर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. त्याच वर्षी त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तकही आलं. बायका एकत्र येऊन संस्था काढतात, सभा चालवतात, हिशेब ठेवतात, अर्ज लिहितात, हे रमाबाईंनी तिथे बारकाईने पाहिलं. त्या ज्या स्त्रियांना भेटत होत्या त्या बहुतेक शिकलेल्या, मध्यमवर्गीय. पण बायकांनी जाहीरपणे बोलायचं धाडस ज्या वाटेने आलं त्या वाटेवर चाळीस वर्षांपूर्वी सूत काढणाऱ्या मुलीही चालल्या होत्या.

शतक पालटेपर्यंत माणसांचा ओघ प्रचंड झाला. १८९२ मध्ये न्यूयॉर्क बंदरात एलिस आयलंडचं केंद्र उघडलं. १९०७ या एका वर्षात साडेबारा लाखांहून जास्त परदेशी लोक देशात आले. आता इटली, पोलंड, लिथुआनिया, सीरिया इथली माणसं आणि रशियातले ज्यू होते. न्यूयॉर्कच्या शिलाई कारखान्यांत यातल्या हजारो मुली होत्या. २५ मार्च १९११ ला ट्रँगल कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं आणि आगीच्या बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. १४६ जीव गेले. खाली रस्त्यावर उभी राहून फ्रान्सिस पर्किन्स हे पाहत होती. बावीस वर्षांनी ती देशाची कामगारमंत्री झाली.

त्या आगीनंतर जवळपास दहा महिन्यांनी मेरिमॅकचा काठ पुन्हा जागा झाला. लॉवेलपासून दहाएक मैल खाली याच नदीवर लॉरेन्स आहे. १९१२ च्या सुरुवातीला तिथली वस्ती सुमारे ८६,००० होती आणि त्यातली जवळजवळ निम्मी माणसं परदेशात जन्मलेली. कापसाबरोबर लोकरीचं कापड हा तिथला मोठा धंदा. १ जानेवारीपासून नवा कायदा लागू झाला : स्त्रिया आणि मुलांचा आठवडा ५६ तासांवरून ५४ तासांचा. चांगला कायदा. मालकांनी तासांबरोबर पगारही कापला. आठवड्याला सरासरी पावणेनऊ डॉलर मिळवणाऱ्या कामगाराच्या हाती ३२ सेंट कमी आले, म्हणजे कित्येक पावांचे पैसे गेले. ११ जानेवारीला एव्हरेट गिरणीतल्या पोलिश बायकांनी पाकीट उघडून पाहिलं आणि माग थांबवले. दुसऱ्या दिवशी इतर गिरण्या थांबल्या.

या लोकांची संघटना होणं शक्यच नाही, असं जुन्या कामगार संघटना मानत होत्या. इंग्रजी बोलणाऱ्या, कसबी कामगारांपुरत्याच त्या उभ्या होत्या. लॉरेन्समध्ये झालं ते वेगळं. संपाच्या समितीत १४ राष्ट्रगटांना प्रत्येकी चार प्रतिनिधी दिले गेले आणि प्रत्येक भाषण गटागटाच्या भाषेत सांगितलं जाई. सभा लांबत. एकच वाक्य इटालियनमध्ये, मग पोलिशमध्ये, मग लिथुआनियनमध्ये, मग अरबीत. गिरणीच्या दारात घोळका करून उभं राहायला मनाई होती, म्हणून हजारो लोक हात धरून गिरण्यांभोवती सतत चालत राहिले. बर्फात, नऊ आठवडे. मला वाटतं त्या संपाचं खरं यश तिथेच होतं, तडजोडीच्या कागदावर सही व्हायच्या आधी. पन्नास-साठ वर्षं मालकांनी नव्या माणसाच्या हातून जुन्या माणसाची मजुरी पाडली होती. इथे प्रथमच कालचा आलेला आणि परवाचा आलेला एकमेकांचं बोलणं संपेपर्यंत थांबून राहिले.

घरात खायला नव्हतं तेव्हा संपकऱ्यांनी आपली मुलं गावोगावच्या सहानुभूतीदारांकडे पाठवली. १० फेब्रुवारीला ११९ मुलं न्यूयॉर्कला पोचली. बरोबर गेलेली परिचारिका मार्गारेट सँगर हिने नंतर सांगितलं, की लोकर विणणाऱ्यांच्या या मुलांपैकी फारच थोड्यांच्या अंगात आतले कपडे होते. २४ फेब्रुवारीला आणखी मुलं निघाली तेव्हा पोलिसांनी स्टेशनवर आयांना आणि मुलांना मारलं. देशभर संताप उसळला आणि मार्चमध्ये वॉशिंग्टनला काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी सुरू झाली. राष्ट्राध्यक्षांची पत्नी हेलन टाफ्ट श्रोत्यांत येऊन बसली होती.

तिथे कॅमेला टिओली बोलली. वय १४. ती सांगत होती, की घरी एक माणूस आला आणि बापाला म्हणाला, मुलीला गिरणीत का पाठवत नाहीस? ती तेरा वर्षांची की चौदा, ठाऊक नाही, असं बाप म्हणाल्यावर त्याने चार डॉलर घेऊन ती चौदा वर्षांची असल्याचे कागद करून दिले. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. काम सुरू करून दोन आठवडे झाले होते तोच पीळ देणाऱ्या यंत्रात तिचे केस अडकले आणि डोक्याची कातडी सोलली गेली. सात महिने ती दवाखान्यात होती. कंपनीने दवाखान्याचा खर्च दिला. बुडालेल्या मजुरीचा एक सेंट नाही. संपात का गेलीस, या प्रश्नाला तिचं उत्तर साधं होतं : घरी खायला पुरत नव्हतं.

हेमिंगवेने दिवे मोजले होते आणि तिला सांगितलं गेलं होतं, की उपाय आमच्या हाती नाही. ६७ वर्षांनी या इटालियन मुलीचे शब्द दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत होते. आठवडाभरात मालकांनी माघार घेतली. वाढ ठरली ती अशी, की ज्याला सगळ्यांत कमी मिळत होतं त्याला सगळ्यांत जास्त वाढ. न्यू इंग्लंडमधल्या इतर गिरण्यांनीही मजुरी वाढवली. संपकऱ्यांची संघटना मात्र लॉरेन्समध्ये फार काळ टिकली नाही, आणि १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांचं येणंच जवळपास थांबवलं. मुलांच्या मजुरीला देशभर आवर घालणारा टिकाऊ कायदा १९३८ मध्ये झाला. फ्रान्सिस पर्किन्स तेव्हा कामगारमंत्री होती.

१९७० च्या दशकात पॉल कोवान हा पत्रकार लॉरेन्सला गेला आणि त्याने कॅमेलाच्या मुलीला शोधून काढलं. कॅमेला तोवर हयात नव्हती. आई वॉशिंग्टनला जाऊन साक्ष देऊन आली होती, हे मुलीला ठाऊकच नव्हतं. संपाबद्दल घरात कुणी कधी बोललंच नाही; गावातही तो विषय निघत नसे. तिला एवढंच माहीत होतं, की आईच्या डोक्यावर मागच्या बाजूला एक टक्कल आहे. रोज सकाळी ती आईचे केस विंचरायची आणि त्या जागेवरून असा अंबाडा घालायची, की ते कुणाला दिसू नये.